कनातीतली झुळूक

आत्याला बोट लागत नाही, हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होते. सरोवराच्या पलीकडच्या तीरावर जाणारी फेरीबोट तिने उभी हयात चालवली होती. वादळी दिवसांत प्रवासी कठड्याला धरून पोटातले सगळे पाण्याच्या स्वाधीन करत, तेव्हा आत्या एका हाताने चाक सांभाळत दुसऱ्या हाताने डबा उघडून निवांत जेवत असे. कोणी कौतुकाने विचारलेच, तर म्हणे, "ज्याचं त्याचं पोट. माझं लाकडाचं आहे."

आतोबांचे पोट कशाचे होते कोण जाणे. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीकडे नुसते पाहूनही त्यांना मळमळत असे. "आमचं लग्न जमिनीवर लागलं म्हणून टिकलं," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. संसार असाच चालला; ती पाण्यावर, ते काठावर.

निवृत्त झाल्यावर आत्याने एक जुनी मोटरबोट घेतली. पुढे दोन माणसे जेमतेम आडवी होतील एवढी बुटकी केबिन, तिला घट्ट बसणारे दार, आणि मागे उघड्यावर चाक व दोन बाकडी. तिला हौस एकच होती: आतोबांना घेऊन सरोवर हिंडायचे. "जन्मभर परक्यांना इकडून तिकडे नेलं. घरचं माणूस तेवढं काठावर राहिलं," असे ती आपल्या धाकट्या भावाला म्हणाली. आतोबांनी आढेवेढे घेत मान तुकवली, पण अट घातली. त्यांचे कान थंडीला फार हळवे होते.

"येतो. पण एक झुळूक जरी कानाला लागली, तर तिथून पोहत परत येईन."

"अहो, तुम्हांला पोहता कुठे येतं?"

"म्हणूनच सांगतोय, झुळूक येऊ देऊ नकोस."

ती झुळूक अडवण्याचे काम टाचणीकडे आले.

टाचणी ही आत्याची भाची, त्याच धाकट्या भावाची मुलगी. शाळेच्या दाखल्यावर तिचे काही वेगळे नाव होते. पण अंगाने काडी आणि ओठांत सदैव टाचण्या धरलेल्या, म्हणून आत्यानेच लहानपणी ठेवलेले हे नाव तिला कायमचे चिकटले. धक्क्यामागच्या गल्लीत तिच्या बाबांचे वर्कशॉप होते. बोटींची छते, आच्छादने, बाकड्यांच्या गाद्या आणि चहूबाजूंनी बंद होणाऱ्या कनाती तिथे शिवल्या जात. भिंतीएवढे लांब टेबल, जाड कापडातून सुई आरपार घालणारे जुने दणकट मशीन, कोपऱ्यात उभ्या केलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या गुंडाळ्या आणि सगळ्यावर पसरलेला मेणाचा व डिंकाचा वास, यांतच टाचणी वाढली. बाबांची नजर अलीकडे अधू झाली होती. मशीन आता ती चालवायची. ते बोटांनी शिवण चाचपून काय ते सांगायचे.

बाबांची एक परीक्षा ठरलेली होती. कनात बोटीवर बसवली की ते आत जाऊन सगळ्या चेन लावून घेत, ओठ ओले करत आणि एकेका शिवणीपाशी तोंड नेत. कुठे ओठाला गार लागले की शिवण उसवायची, मग ती कितीही देखणी असो. "वारा म्हणजे चोर. त्याला सुईच्या भोकाएवढी फट पुरते," असे ते म्हणत. त्यांच्या कनातीत मेणबत्तीची ज्योत हलत नाही, अशी ख्याती होती, आणि ती ख्याती हीच त्या घराची खरी दौलत होती.

आत्याची कनात ही टाचणीने एकटीने केलेली पहिली पूर्ण कनात. तिने मापे स्वतः घेतली, बोटीच्या प्रत्येक वळणाला कापडाचे वळण दिले, चेनवर दुहेरी पट्टी घातली. बसवण्याच्या दिवशी बाबा आत गेले. प्लास्टिकमधून त्यांचे डोके हळूहळू फिरताना दिसत होते. बराच वेळ गेला. बाहेर आले, तेव्हा रुमालाने ओठ टिपत म्हणाले, "कुठे गार लागलं नाही."

एवढे शब्द त्यांनी बायकोच्या स्वयंपाकासाठीही कधी खर्च केले नव्हते. टाचणीने तोंडातल्या टाचण्या तशाच घट्ट धरून ठेवल्या. पण घरी जाताना तिची पावले जमिनीला लागत नव्हती.

आत्याने आत बसून पाहिले, बाकड्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "बाई गं. ही तर बैठकीची खोली झाली." कौतुकाच्या भरात ती अगदी खरे बोलून गेली होती, त्या वाक्याचा अर्थ मात्र तेव्हा तिलाही कळला नाही.

कनातीच्या पहिल्या फेरीसाठी थंड, करड्या आभाळाची दुपार लाभली. आतोबा कानांवरून मफलर गुंडाळून आले. शिवण कुठे ताणते, कुठे सैल पडते, ते पाहायला टाचणीही बरोबर निघाली. निघण्यापूर्वी आत्याने नेहमीप्रमाणे केबिनमध्ये जाऊन भिंतीवरच्या पांढऱ्या डबीचे बटण दाबले. डबी कर्कश ओरडली. इंजिनाच्या धुरात वास नसलेला, रंग नसलेला, माणसाला गुपचूप झोपवून टाकणारा एक वायू असतो, कार्बन मोनॉक्साईड. तो साचू लागला की ओरडायचे, हे त्या डबीचे काम. फेरीबोटीच्या दिवसांपासून आत्या अशा डबीला राखणदार म्हणायची, आणि राखणदार जागा आहे हे पाहिल्याशिवाय तिने आजवर दोर सोडला नव्हता.

"राखणदार जागा आहे," ती म्हणाली आणि केबिनचे दार घट्ट लावून घेतले. मग पुढची चेन लागली, दोन्ही बाजूंच्या लागल्या, आणि बोट निघाली.

आत खरोखरच बैठकीच्या खोलीसारखी ऊब होती. बाहेर पाणी काळपट दिसत होते, वारा पाठीमागून वाहत होता, आणि आतोबांच्या मफलरचे टोकही हलत नव्हते.

"भाचीबाई, मानलं तुम्हांला," ते म्हणाले. "आता ही बोट हलायची तेवढी थांबवा, म्हणजे मी रोज येईन."

थोड्याच वेळात तिघांच्या श्वासाने समोरचे प्लास्टिक धूसर झाले. आत्या बाहीने पुसायची, की पुन्हा धूसर. "मला काही दिसेना बाई. जरा हवा येऊ दे." पुढची चेन उघडली असती तर वारा थेट आतोबांच्या कानांत शिरला असता. म्हणून टाचणीने मागची झडप वर गुंडाळून पट्ट्यांनी बांधली. समोरचे धुके निवळू लागले. मागून हलकी, किंचित कोमट झुळूक येऊ लागली.

"वा. हवा पण आली आणि कानाला कळलं पण नाही," आतोबा खूश होऊन म्हणाले.

पुढे जाणाऱ्या बोटीत झुळूक मागून का यावी, हे कोणी विचारले नाही. वारा पाठीमागचा आहे, एवढ्यावर तिघांचेही समाधान झाले.

काही वेळाने आतोबा म्हणाले, "डोकं जड झालंय."

"आली का वेळ," आत्या हसली. "मी म्हणतच होते, इतका वेळ गप्प कसे."

"अगं, खरंच. आणि पोटातही ढवळतंय."

"तुम्हांला तर चित्रातली बोट बघूनही ढवळतं. पडा जरा बाकड्यावर."

ते पडले आणि मफलर नाकापर्यंत ओढून त्यांनी डोळे मिटले. टाचणीचेही कपाळ ठणकू लागले होते. रात्र रात्र जागून शिवले त्याचा हा शीण, असे तिने मनाशी ठरवले. डोळ्यांपुढच्या शिवणीची रेघ मधूनच दुहेरी दिसे. ती डोळे चोळून पुन्हा पाही. आतोबांचा श्वास लांब येऊ लागला. झोप लागली बिचाऱ्यांना, असे तिला वाटले, आणि त्या उबेत आपणही अंमळ डोळे मिटावेत, असेही वाटले.

"टाचणी," आत्या म्हणाली, "हा लाल बोया कुठल्या हाताला ठेवायचा गं?"

आत्या परीक्षा घेत आहे, असे टाचणीला वाटले. पाण्यावर तरंगणारा तो लाल बोया, त्याच्या अलीकडे बुडालेला खडक, सगळे आत्याने तिला ती चालायला शिकली तेव्हापासून दाखवलेले होते. "मला काय विचारतेस? तूच सांग."

आत्याने सांगितले नाही. ती बोयाकडे पाहत होती. अनोळखी माणसाकडे पाहावे तशी. मग तिने चाकावरच्या आपल्या हाताकडे पाहिले.

"मला मळमळतंय," ती म्हणाली.

टाचणीला हसू आले. "तुला? बोट लागली?"

आत्या हसली नाही. क्षणभर ती अगदी स्तब्ध उभी राहिली. पुढे कितीतरी दिवस टाचणीला तो क्षण आठवत राहिला: डोक्यात धुके भरलेले असताना, हातून विचार निसटत असताना, त्या बाईने आपल्याबद्दलची एक पक्की गोष्ट घट्ट धरून ठेवली होती आणि तिच्या आधाराने ती एकेक पायरी वर येत होती.

"मला बोट लागत नाही," आत्या सावकाश म्हणाली. "जन्मात लागली नाही. मग हे दुसरं काहीतरी आहे. त्यांचं डोकं, तुझं पण दुखतंय ना? दुखतंय. तिघांचं एकदम." तिने इंजिन बंद केले. एकाएकी पसरलेल्या शांततेत तिचा आवाज फार मोठा वाटला. "धूर आहे हा. ऊठ. पुढची चेन उघड."

टाचणी उठली, तर पाय कापसाचे. पुढची चेन नवी होती, घट्ट होती आणि तिच्यावर दुहेरी पट्टी होती. बोटांनी तिची कडी धरली, पण धरलेली कडी बोटांना कळेना. ती ओढत होती आणि चेन हलत नव्हती. मागे आत्या आतोबांना हलवत होती. "अहो. अहो, उठा." ते उठत नव्हते.

आत्याने दोर कापायची सुरी पुढे केली. "काप."

टाचणीने सुरी घेतली आणि ती थांबली. फार वेळ नव्हे. पण थांबली खरी. समोर तिचे सगळ्यांत नितळ काम होते, ज्यावर बाबांच्या ओठांना कुठे गार लागले नव्हते.

"पोरी," आत्या म्हणाली, ओरडली नाही, "कापड पुन्हा शिवता येतं."

टाचणीने सुरी टेकवली आणि वरपासून खालपर्यंत ओढली. कापड सुटले, आणि वारा कोणी दाराबाहेर ताटकळत ठेवल्यासारखा आत घुसला. बर्फासारखा गार. तिने तोंड उघडून तो गिळला.

दोघींनी मिळून आतोबांना त्या कापलेल्या जागेतून पुढच्या डेकवर ओढले. कोण ओढत होते आणि कोण कोणाला धरून उभे होते, हे सांगता आले नसते. टाचणी पांघरुणासाठी केबिनचे दार उघडून आत वाकली, आणि तिच्यामागून आलेली कनातीतली हवा केबिनमध्ये शिरताच काही वेळात भिंतीवरचा राखणदार किंचाळू लागला. बंद दारामागे तो इतका वेळ इमानाने गप्प होता. त्याच्या खोलीत काहीच झाले नव्हते.

आत्याने नांगर टाकला आणि रेडिओवर बचावबोटीला बोलावले. "तिघे आहोत. इंजिनाचा धूर कनातीत भरला. एक जण शुद्धीवर नाही. आम्ही दोघी उघड्यावर आहोत." ठिकाण सांगताना तिला बोयाचा आकडा आठवला नाही, तेव्हा तिने टाचणीला तो वाचून सांगायला लावले. मग ती आतोबांपाशी बसली आणि त्यांच्या नाकातोंडावरचा मफलर सोडवून बाजूला टाकला. त्यांचे हळवे कान उघडे पडले.

"आज लागू दे वारा," ती म्हणत होती. "लागू दे. नीट लागू दे."

कितीतरी वेळाने त्यांच्या पापण्या हलल्या. ओठ हलले. दोघी वाकल्या.

"थंडी," आतोबा म्हणाले.

"हो."

"वारा लागतोय."

"लागणारच," आत्या म्हणाली. "जायचं तर जा पोहत." आणि तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. चिरकला तो मग बचावबोट येईपर्यंत सरळ झाला नाही.

इस्पितळात तिघांना प्राणवायू लावला. आतोबांना दोघींपेक्षा अधिक दिवस राहावे लागले. डॉक्टरीणबाई नाडी पाहता पाहता म्हणाल्या, "या वायूनं डोकं दुखतं, उलटीसारखं होतं, गुंगी येते. पाण्यावर असलं की लोकांना वाटतं, बोट लागली. झोपतात. मग उठत नाहीत. तुम्हांला कसं कळलं?"

"मला बोट लागत नाही ना," आत्या म्हणाली. डॉक्टरीणबाईंना तो विनोद वाटला.

आतोबा मास्क बाजूला करून बोलू लागले, तेव्हा त्यांच्यातला मास्तर आधी जागा झाला. "मी विचार करतोय. बसची मागची काच सगळ्यांत मळलेली का असते?"

"झोपा हो तुम्ही."

"सांग ना. धूळ तर चाकांची, ती मागे उडून जायला हवी. पण बस पुढे गेली की तिच्या पाठीशी पोकळी होते, आणि हवा वळून त्या पोकळीत शिरते. धुळीसकट. आपली बोट म्हणजे बसच झाली होती. पुढून बंद, मागून उघडी. आपलाच धूर आपणच ओढून घेत होतो." त्यांनी समाधानाने मास्क परत लावला. वर्गाला गणित सुटल्यासारखे त्यांचे डोळे लुकलुकत होते.

टाचणीला मात्र ते गणित सुटून आणखीच जड झाले. मागची झडप तिनेच वर बांधली होती. घरी परतल्यावर ती मशीनला हात लावीना. वर्कशॉपच्या दारापर्यंत जाई, मेणाचा वास आला की परत फिरे. बाबाही टेबलापाशी बसून रिकाम्या कापडावर बोटे फिरवत राहत.

अशा एका सकाळी आत्या दारात उभी राहिली. काखेत कापलेल्या झडपेची गुंडाळी होती. ती तिने टेबलावर टाकली. "टाचणी कुठे आहे? बोलाव तिला."

टाचणी आली आणि मान खाली घालून म्हणाली, "आत्या, माझ्या कनातीनं जीव गेला असता तुमचा दोघांचा."

"ओठ माझे होते," बाबा मध्येच म्हणाले. "ताई, परीक्षा मी घेतली. गार लागलं नाही म्हणून पोरीला शाबासकी दिली. जिथे गार लागायलाच हवं होतं, तिथे मी..."

"आणि राखणदार मी केबिनमध्ये ठेवला," आत्या म्हणाली. "चाकापाशी का नाही ठेवला? कारण माझ्या डोक्यात चाकाची जागा म्हणजे बाहेर. जन्मभर ती बाहेरच होती. तुम्ही चारी बाजूंनी कापड लावलंत आणि ती आत झाली. मी बैठकीची खोली म्हणाले, आणि वागले मात्र उघड्या डेकवर असल्यासारखी. झालं? तिघांनी वाटून घेतलं? मग आता कामाला लागा."

तिने गुंडाळी उलगडली आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवले.

"आणि ही बघ. जीव चालला होता, तरी मेलीनं शिवणीवरूनच कापलंय."

टाचणीने पाहिले. खरेच, सुरी एका सरळ रेषेत शिवणीवरून उतरली होती. कापडाला ओरखडाही नव्हता. "सवय," ती ओशाळून म्हणाली.

"असा हात मी घरी बसू देणार नाही," आत्या म्हणाली. "शिव."

पण शिवण्याआधी आत्याने दुसरी एक गोष्ट केली, आणि टाचणीच्या मनात आत्याविषयी जो आदर पुढे कायमचा घर करून राहिला, तो त्या गोष्टीने. सुटीच्या दिवशी धक्क्यावर सगळे बोटवाले जमतात. त्यांच्यापुढे जाऊन तिने झाले ते सगळे सांगितले. जिच्या शब्दावर तिथले लोक दोर सोडायचे किंवा बांधून ठेवायचे, ती बाई पिंपावर बसून सांगत होती की आपल्याला लाल बोया ओळखता आला नाही.

"आत्याबाई," डिझेल पंपवाला मिस्कीलपणे म्हणाला, "म्हणजे शेवटी तुम्हांलाही बोट लागली म्हणायची."

सगळे हसले. टाचणीचे कान तापले. पोट लाकडाचे, ही आत्याची नुसती बढाई नव्हती. पुरुषांनी भरलेल्या त्या धक्क्यावर तिने इतकी वर्षे मिळवलेली ती जागा होती. आत्याने त्यांना पोटभर हसू दिले.

"हसा. हसलात की लक्षात राहतं," ती म्हणाली. "मला मळमळलं म्हणून मी शोधलं. तुमच्यातल्या ज्यांना नेहमीच मळमळतं, ते झोपले असते. म्हणून सांगते, बंद कनातीत एकाहून जास्त जणांचं डोकं दुखलं, की बोटीला बोल लावू नका. इंजिन बंद करा, बाहेर पडा. धक्क्याला बांधून इंजिन चालू ठेवता ना थंडीत? शेजारच्याचा धूरही तुमच्याच कनातीत येतो."

"पण मागची झडप उघडी होती ना?" एका म्हाताऱ्या कोळ्याने विचारले. "हवा तर येत होती."

त्याला उत्तर टाचणीने दिले, बोलून नव्हे. अस्तराच्या हलक्या कापडाच्या चिंध्या फाडून तिने कनातीच्या मागच्या काठावर रांगेने बांधल्या. इंजिन बंद, बोट रिकामी. पंपवाल्याच्या बोटीने लांब दोर लावून ती धक्क्यासमोरून ओढत नेली. कापलेली झडप टाके घालून पुढून बंद केलेली होती, मागची उघडी. बोट पुढे चालली, आणि मागे फडफडायला हव्या होत्या त्या साऱ्या चिंध्या वळून आत शिरल्या. जणू आत बसलेले कोणी त्यांना एकेक करून ओढून घेत होते.

धक्क्यावर कोणी हसले नाही.

परतीच्या फेरीत टाचणीने पुढचे टाके उसवून झडप उघडली होती. चिंध्या एका झटक्यात बाहेर पडल्या आणि मागे ताठ उडू लागल्या.

"बस," आतोबा काठावरच्या खुर्चीतून म्हणाले, "बसची काच." आणि मफलर कानांवर ओढून घेतला.

नवी कनात शिवायला टाचणीला जुनीपेक्षा जास्त वेळ लागला. पुढे तिने आतून एका ओढीत उघडेल अशी रुंद झडप केली, हातमोजे घातलेल्या हातालाही सापडेल अशा मोठ्या कडीची. तिच्या वर जाळीची एक फट ठेवली, जिला चेनच नव्हती. ती कोणाला बंदच करता येणार नव्हती. आणि सगळ्यांत शेवटी तिने एक युक्ती केली, जी पाहून बाबा बराच वेळ पट्टे चाचपत राहिले. मागची झडप गुंडाळून बांधायला वेगळे पट्टे तिने शिवलेच नाहीत. पुढची झडप बंद धरून ठेवणारे पट्टेच काढून मागे लावावे लागत. मागून उघडायचे, तर पुढून उघडणे आलेच.

"विसरणाऱ्या माणसासाठी शिवलंय," बाबा म्हणाले.

"माझ्यासाठीच," टाचणी म्हणाली.

दुसरा राखणदार चाकापाशी, तोंडाच्या उंचीवर बसवला. कनातीवर विसंबून आत्या त्याला सुटी देणार नव्हती.

परीक्षेला बाबा आत गेले. ओठ ओले केले. शिवणींपाशी तोंड नेत नेत ते पुढे सरकले आणि जाळीच्या फटीपाशी थांबले. तिथे ते इतका वेळ थांबले की टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"गार लागलं," ते म्हणाले. मग जिभेने ओठ पुन्हा ओले करून, जणू चव घेऊन, "चांगलं लागलं."

पहिल्या फेरीसाठी पुन्हा तसाच थंड दिवस निघाला. आत्याने आधी एक राखणदार ओरडवला, मग दुसरा. दोर सुटला. लाल बोया आला, तो उजव्या हाताला ठेवून आत्याने एका हाताने डबा उघडला. फटीतून येणारा वारा समोरचे प्लास्टिक स्वच्छ ठेवत होता आणि नेमका बाकड्यावर बसलेल्या आतोबांच्या मानेवर उतरत होता.

"ही काय कनात झाली?" ते म्हणाले. "एवढा खटाटोप करून शेवटी भोकच ठेवलंत. माझा उजवा कान गेला. आता डावा चाललाय. भाचीबाई, तुमच्या बाबांच्या हातच्या कनातीत ज्योत हलायची नाही."

टाचणी शिवण पाहण्याच्या निमित्ताने तोंड फिरवून बसली होती. आतोबा पलीकडचा तीर येईपर्यंत कुरकुरत राहिले. आणि मध्येच ते जरा गप्प झाले, की चाकापाशी उभी असलेली आत्या घास हातात धरून मागे वळे आणि विचारी, "अहो, थंडी वाजतेय ना?"